दोन वाशी आणि एक लावणी

महाराष्ट्रात वाशी दोन. एक नवी मुंबईतली, खाडीपुलापलीकडची, लोकल थांबते ती. दुसरी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातली, पावसाची कायम वाट पाहणारी. नवी मुंबईच्या वाशीत नाट्यगृह आहे आणि त्याला विष्णुदास भावे यांचं नाव आहे. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमीचा इतिहास तिथून मोजतात. धाराशिवच्या वाशीत करमणुकीचा पत्ता वेगळा. तालुक्यातून धुळे–सोलापूर महामार्ग जातो. त्याच्या कडेने पारगावपासून शेजारच्या कळंब तालुक्यातल्या चोराखळीपर्यंत संगीत बारीची कला केंद्रं लागतात. गावोगावच्या जत्रेला फड येतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीला आराध्यांचे मेळे येतात. आणि वाशी तालुक्यातल्याच तेरखेड्याला शोभेची दारू तयार होते; जत्रेच्या आणि लग्नाच्या रात्री आभाळात जे फुटतं, ते इथल्या मजुरांच्या हातचं असतं.

आता एकच लावणी घ्या. तीच चाल, तोच ठेका. नाट्यगृहात ती ‘लोककलेचा आविष्कार’ ठरते. जत्रेच्या मैदानात ती तमाशा असते. महामार्गाकडेच्या केंद्रात तीच लावणी ऐकून आलेला माणूस घरी सांगताना आवाज खाली आणतो. चित्रपटात आली की घरातलं सगळं कुटुंब ती गुणगुणतं. सूर बदलला नाही, शब्द बदलले नाहीत. बदलली ती ऐकणाऱ्याची बसायची जागा. करमणुकीवर वर्गाचा ठसा कसा उमटतो, हे पाहायचं तर या वाशीच्या पंचक्रोशीइतकं चांगलं ठिकाण नाही. इथे हा ठसा नुसता लोकांच्या बोलण्यात नाही, तो सुरांत, वाद्यांत आणि रात्रीच्या वेळापत्रकातही सापडतो.

मैदानाचा गळा, बैठकीचा डोळा

तमाशाच्या दोन मोठ्या परंपरा आहेत, ढोलकी फड आणि संगीत बारी. लोक दोन्हींना सरसकट तमाशा म्हणतात. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की थक्क व्हायला होतं, कारण कोणापुढे गायचं आणि पैसे कोण देणार, या दोन गोष्टींनी एका कलेची दोन शरीरं घडवली आहेत.

ढोलकी फड हा मैदानाचा. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. पुढे हजारोंचा जमाव, बहुतेक जमिनीवर बसलेला, मागचे उभे, काही झाडावर. ध्वनिवर्धक नव्हता त्या काळात या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा कसा? त्याचं उत्तर फडाच्या रचनेतच आहे. ढोलकीच्या डाव्या पुडीतून घुमारा निघतो आणि उजव्या पुडीतून कडक, कान टोचणारी थाप. जोडीला हलगी, मंजिरी आणि एका तारेचं तुणतुणं. मुख्य गायक पट्टी चढी लावतो. त्याच्या मागे सुरते उभे असतात. गायकाची ओळ संपत आली की ते तिचं शेपूट उचलतात, आणखी वर नेतात आणि ताणतात. गायकाला श्वास मिळतो आणि ओळ पार बैलगाड्यांपर्यंत जाते. ज्या चढ्या आवाजाला शहरातला श्रोता पुढे ‘रांगडा’ म्हणाला, तो आवाज गरिबांच्या मोठ्या जमावाला पुरे पडावा म्हणून घडलेला आहे.

आता संगीत बारी पाहा. ही बंदिस्त जागेतली. एका केंद्रात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टी तिच्या मालकिणीच्या नावाने ओळखली जाते आणि रंगमंचावर जायची तिची पाळी, म्हणजे बारी, ठरलेली असते. वग नाही, राजा नाही, प्रधान नाही. ढोलकी आहे, पण सोबत तबला आणि पेटी आहे. एखाद्या पार्टीचं गाणं आवडलं तर रसिक तिची खास बैठक लावतो. आवडलेल्या जागेवर नोट पुढे करायची, ही दौलतजादा. नोट आली की ती ओळ पुन्हा येते, आणि दर वेळी वेगळी येते.

बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. पाय मोकळे नाहीत, मग सगळं काम डोळ्यांकडे, भुवईकडे, मानेकडे, पदराच्या टोकाकडे येतं. नायिका प्रियकराला ‘इतका उशीर का?’ असं विचारते, एवढाच आशय धरा. पहिल्यांदा तो राग असतो. दुसऱ्यांदा त्यात काळजी येते. तिसऱ्यांदा ती उशिराचं कारण ओळखून हसते. चौथ्यांदा तिला उत्तर नकोच असतं. शब्द तेच, स्वरांची जागा बदलली, पापणी जरा उशिरा उचलली. ही कारागिरी वीस हातांवरून दिसणार नाही. ती जवळ बसलेल्या, फुरसत असलेल्या, ओळीओळीला पैसे मोजणाऱ्या श्रोत्यासाठीच तयार झाली. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेच्या शिखरावर होत्या. त्यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. त्यांची अदा पाहून शास्त्रीय संगीताचे जाणकार स्तब्ध व्हायचे.

म्हणजे मैदानाने लावणीला गळा दिला आणि बैठकीने डोळे दिले. एकीचा मालक जमाव, दुसरीचा मालक जमीनदार, व्यापारी, पैसेवाला शौकीन. दोन्हींत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रिया मात्र बहुतेक कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशाच समाजांतल्या. ऐकणारा कुठल्याही पायरीवरचा असो, गाणारीची पायरी तीच राहिली.

ऊस, रब्बी आणि पहाटेपर्यंतचा वग

वाशी, भूम, पाटोदा, बीड हा सगळा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात. चैत्राच्या सुमाराला त्या परततात. रब्बीची ज्वारी तोवर घरात आलेली असते, हातात थोडा पैसा असतो आणि पाऊस लांब असतो. गावांच्या जत्रा नेमक्या याच दिवसांत का दाटतात, हे यातून कळतं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. तिथे भाविक चुन्याचे खडे वेचतात. आराधी बाया देवीची गाणी गातात, संबळ वाजतो. हीसुद्धा करमणूक आहे आणि भक्तीही आहे. शेतमजुराच्या घरात या दोन गोष्टींना वेगवेगळ्या खोल्या कधीच नव्हत्या.

फडांचं वर्षही याच दिनदर्शिकेवर चालतं. दसऱ्याला फड बाहेर पडतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावचे पंच तिथे येऊन सुपारी ठरवतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नर्तिका, सोंगाड्या, वादक, तंबू ठोकणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाकी. जत्रेतला खेळ पुष्कळदा गावाच्या वर्गणीतून होतो, म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही तोही पुढच्या रांगेत मांडी घालून बसतो. कनात लावून तिकीट ठेवलं की प्रेक्षक वेगळा होतो, आणि पाहता पाहता खेळही वेगळा होतो. वर्गणीच्या खेळात वग जोर धरतो, तिकिटाच्या खेळात गाणी वाढतात.

आणि हा वग पहाटेपर्यंत का चालायचा? दिवसभर राबणाऱ्या माणसाला रात्रच मोकळी. त्यात पाच-दहा कोसांवरून पायी किंवा बैलगाडीने आलेला माणूस मध्यरात्री जाणार कुठे? खेळ उजाडेपर्यंत रंगला की तो उजेडी घरी जाऊ शके. मुंबई-पुण्याच्या नाटकाला शेवटची गाडी गाठायची असते, म्हणून ते वेळेत संपतं. फड सूर्याच्या घड्याळावर चालायचा. कलाकृतीची लांबीसुद्धा प्रेक्षकाच्या वाहनावर ठरते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की पुन्हा विसरता येत नाही.

त्या रात्रीत आणखी एक विलक्षण गोष्ट घडायची. ज्या माणसाला दिवसा पाटलाच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, तो रात्री जरीचा फेटा बांधून राजा व्हायचा आणि सगळं गाव त्याचा दरबार पाहत बसायचं. त्याच्या शेजारी सोंगाड्या. हा राजाला उलट विचारतो, प्रधानाची लाच काढतो, सावकाराच्या व्याजाचं गणित चारचौघांत मांडतो. पुढच्या बाजेवर खरा पाटील, खरा सावकार बसलेला असतो आणि तोही हसतो. सोंगाड्याला हसण्याच्या आडून जे बोलता यायचं, ते चावडीवर कोणी बोलू शकत नव्हतं. म्हणूनच सोंगाड्या हा फडातला सगळ्यात बुद्धिमान नट असावा लागतो. शब्द त्याचे त्यानेच त्या त्या गावातून उचलायचे असतात, आणि किती पुढे जायचं हे क्षणात ठरवायचं असतं.

लावणी खाली कशी आली?

लावणी मुळात खालच्या पायरीची होती, असा समज असेल तर इतिहास तो पुसून टाकतो. उत्तर पेशवाईत लावणी दरबारात होती. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण, अनंत फंदीही ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. एकाच काव्यप्रकारात इतक्या जातींची माणसं त्या काळी दुसरीकडे क्वचितच दिसतील. १८१८ साली पेशवाई गेली, आश्रय गेला आणि लावणी वाड्यातून गावाकडे निघाली.

त्याच शतकात पुण्या-मुंबईत एक नवा वर्ग उभा राहत होता. इंग्रजी शिकलेला, कचेरीत नोकरी करणारा, पगारावर जगणारा. त्याला आपली म्हणून एक करमणूक हवी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. यात नवल असं की किर्लोस्करांनी आपल्या पदांना ज्या चाली घेतल्या, त्यांत साकी-दिंडीबरोबर लावणीच्या चालीही होत्या. चाल आत आली, चालीची मालकीण बाहेर राहिली. संगीत नाटकात स्त्रीची भूमिका पुरुष करत होते, कारण घरंदाज स्त्रीने रंगमंचावर येणं अशक्य मानलं जाई. बालगंधर्वांचं नेसणं, त्यांचे दागिने पाहून पांढरपेशा घरांतल्या बायका आपली राहणी ठरवत. त्याच काळात फडावर मात्र खऱ्या स्त्रिया उभ्या होत्या. रंगमंचावर स्त्री आणण्याचं धाडस ज्या कलेने आधी केलं, तिलाच त्या धाडसाची शिक्षा म्हणून बदनामी मिळाली.

या भिंतीला भगदाड पाडणारा एक माणूस होऊन गेला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. जन्म १८६६, मृत्यू १९४५. कुलकर्णीपणाचं वतन असलेला हा ब्राह्मण फडात आला, लावण्या रचू लागला आणि संगमनेर भागातल्या हिवरगावच्या पवळाबरोबर त्याने महाराष्ट्र दणाणून सोडला. पवळा महार समाजातली. बापूरावांना जातीने वाळीत टाकलं, लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. इतिहासाने बापूरावांना शाहीर म्हणून जपलं. ज्या पवळाच्या गळ्यातून त्या लावण्या लोकांपर्यंत पोचल्या, तिच्या वाट्याला आख्यायिकाच जास्त आल्या.

याच संदर्भात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळाचं उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आपल्या चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका होती. तमाशावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने या नकाराजवळ थांबायला हवं. कला थोर असू शकते आणि तिच्या बाजारात माणूस भरडलाही जात असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आंबेडकरी जलशांनी म्हणूनच वेगळी वाट काढली. ढोलकीचा ठेका ठेवला, शृंगार बाजूला ठेवला आणि प्रबोधन पुढे आणलं. करमाळा भागातल्या किशोर शांताबाई काळे यांचं १९९४ साली आलेलं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन याच बाजाराची दुसरी बाजू दाखवतं. घुंगरांच्या कमाईवर घर चालतं, पण घुंगरू बांधणाऱ्या आईच्या मुलाला शाळेत बापाचं नाव विचारलं जातं. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. शैलजा पाईक यांनी दलित तमाशा कलावंत स्त्रियांवर वर्षानुवर्षं संशोधन करून २०२२ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली प्रतिष्ठेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ज्या बायकांची दखल घ्यायला पांढरपेशा समाज लाजत होता, त्यांचा अभ्यास आज जगातली विद्यापीठं करतात.

बंदीच्या अलीकडे, हद्दीच्या पलीकडे

स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचं होतं. कलावंतांनी दाद मागितली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. ज्या कलेचा प्राण आयत्या वेळी सुचलेल्या बतावणीत, तिला आधी कागदावर लिहून आणायला सांगितलं गेलं! लिहिता-वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांच्या कलेला लावलेली ही अट होती.

वाशीच्या बाजूने हा काळ पाहिला की चित्र आणखी रंजक होतं. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत. पलीकडची बार्शी ब्रिटिश मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. काही कोसांचं अंतर, पण कायदे दोन. मुंबई सरकारचा हुकूम निजामाच्या हद्दीत चालत नव्हता. त्याच बार्शीत १९१६ साली शाहीर अमर शेख जन्मले. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावच्या चाळींपुढे, लालबाग-परळच्या मैदानांत घाटावरून आलेला कामगार जमायचा. गावची ढोलकी त्याला गिरणीच्या भोंग्यानंतर पुन्हा ऐकू यायची. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, राजाच्या जागी मालक आणि सावकार आणले, आणि तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणून नव्याने उभं केलं. पुढे मध्यमवर्गाने त्याच नावाखाली तमाशा आपलासा केला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून नाट्यगृहं भरली आणि गिरणगावात वाढलेले दादा कोंडके घराघरांत पोचले. सोंगाड्या नाट्यगृहात शिरला, त्याला तिकीट मिळालं, टाळ्या मिळाल्या. राहुट्यांतल्या सोंगाड्यांचं आयुष्य मात्र होतं तसंच चालू राहिलं.

पडद्यावर चढलेली लावणी

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. जे कुटुंब फडाच्या कनातीकडे पाहतही नव्हतं, ते डबे घेऊन चित्रपटातला तमाशा पाहायला गेलं. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन, अंगभर साडी नेसून मंचावर बसायच्या आणि खणखणीत लावणी गायच्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा गळा अस्सल होता. आणि त्या पदराने एक मोठं काम केलं: आवाज आणि देह वेगळे झाले. आवाज घरात घेता आला, देह बाहेर ठेवता आला. रेडिओने तर देहाचा प्रश्नच मिटवला.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. तमिळ मुलखात देवदासींचं सदिर विसाव्या शतकात भरतनाट्यम म्हणून उच्चवर्णीय घरांत गेलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची कलाक्षेत्र संस्था १९३६ची. बालसरस्वतींसारख्या मोजक्या परंपरेतल्या कलावंत टिकल्या, बाकीच्यांची कला गेली आणि घरही गेलं. ब्युनॉस आयर्सच्या बंदरवस्त्यांतला टँगो पॅरिसने उचलल्यावर अर्जेंटिनाच्या श्रीमंतांना आवडू लागला. उलटा प्रवासही आहे. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात एक पेनी देऊन अंगणात उभे राहणारे मजूर शेक्सपिअरच्या ओळींना शिट्ट्या मारायचे, आणि आज त्याच ओळी विद्यापीठांत नेमल्या जातात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दिए यांनी १९७९ साली फ्रान्समधल्या लोकांच्या आवडीनिवडींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आवड ही आपण कुठल्या वर्गात वाढलो त्याची खूण असते, आणि वरचा वर्ग आपलं वेगळेपण दाखवायला तिचा वापर करतो. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९९६ साली दाखवलं की सुशिक्षित श्रीमंत आता फक्त उच्चभ्रू संगीतच नव्हे, सगळंच ऐकतात. आपल्याकडेही ते दिसतं. शहरी रसिक सकाळी राग ऐकतो आणि संध्याकाळी लावणीच्या प्रयोगाला जातो. त्याला दोन्ही दारं उघडी आहेत. कला केंद्रातल्या मुलीला एकच.

हा भेद आपल्या राज्यात एकदा थेट कायद्यातच लिहिला गेला. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. परमिट रूम, बिअर बार यांत नाच बंद. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, क्लब आणि जिमखाने यांना सूट. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही तरतूद रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. स्वस्त जागेत बसणारा माणूस नाच पाहून बिघडतो आणि महाग जागेत बसणारा बिघडत नाही, हे गृहीतच न्यायालयाला मान्य झालं नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या मनात धरून बसलेली समजूत न्यायालयाने उलगडून पुढ्यात ठेवली.

मग २०१६ साली ‘सैराट’ आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. करमाळा म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या परंड्याला लागलेला तालुका. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला आणि त्याच चित्रपटात लग्नाच्या वरातीचा ठेकाही ठेवला. ‘सैराट’ १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. वरातीत पुढे नाचणाऱ्या पोरांचा नाच पाहून मल्टिप्लेक्सच्या गाद्यांच्या खुर्च्यांवरून प्रेक्षक उठून नाचले. पण ‘सैराट’ त्या नाचावर थांबला नाही. जातीच्या आणि वर्गाच्या भिंतीला धडकणाऱ्यांचं काय होतं, हे दाखवूनच तो संपला. नाचायला उठलेल्या थिएटरात शेवटी शब्द फुटत नव्हता.

आता वाशीच्या शिवारातल्या पोराच्या हातात फोन आहे. आराध्यांची गाणी, फडाचे वग, बैठकीची लावणी, सगळं त्यावर फुकट मिळतं. गावातल्या आराधी मेळ्याची गाणी लाखो लोक पाहतात. पुढच्या रांगेचा मान आता कोणाकडे नाही. हे मोठंच झालं. पण गाणारीचं नाव पडद्यावर कितीदा येतं? तिचा मोबदला किती? नर्तिकेच्या मुलीला शाळेत कोणी काय म्हणतं? दार सगळ्यांना उघडलं, पण घरभाडं अजून एकीच्याच माथी आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. भर खेळात मागे जाऊन बाळंत होऊन पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, अशी त्यांची कथा महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. कला वर चढते, कलावंत खालीच राहतो, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

यावर उपाय आपल्या हातातलेच आहेत. पुढच्या चैत्रात गावात फड आला तर वर्गणी देताना हात आखडू नका. तिकीट असेल तर तिकीट काढा आणि घरच्यांना घेऊन बसा. फोनवर एखादी लावणी आवडली तर खाली गाणारीचं, ढोलकीवाल्याचं नाव शोधा, नसेल तर विचारा आणि लिहा. आणि कोणी ‘तसलं काहीतरी’ म्हणून नाक मुरडलं, तर त्याला शांतपणे सांगा की महाराष्ट्राच्या संगीत नाटकाने ज्यांच्या चाली घेतल्या, चित्रपटाने ज्यांचा ठेका घेतला, त्यांची ही कला आहे. तिची किंमत आजवर तिच्या कलावंतांनी मोजली. आता रसिकांनी मोजायची आहे.